शेवटचा ई सायलेंट

दहावीत असताना मी माझ्या इंग्रजीच्या सरांना मुद्दाम तीन शब्द चुकीचे शिकवले. सर ते प्रामाणिकपणे शिकले आणि एका मुलाखतीत जाऊन म्हणून आले. हे माझ्याशिवाय फक्त माझ्या वडिलांना माहीत होतं, कारण शब्द त्यांनी निवडून दिले होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. सातवीपर्यंत मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होते. वडील सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. सकाळी कंपनीची बस यायची, वडील कडक इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावर उभे राहायचे, आणि मला वाटायचं की ती बस त्यांच्या एकट्यासाठीच येते. मग कारखान्यात संप झाला, नंतर टाळं लागलं आणि बस यायची बंद झाली. आठवीला मला घराजवळच्या, गंगापूर रोडच्या मराठी शाळेत घातलं.

त्या शाळेतली मुलं एबीसीडी पाचवीत शिकलेली. मी पहिल्याच दिवशी धडा घडाघडा वाचून दाखवला तेव्हा वर्ग गप्प झाला होता. ती शांतता मला फार आवडली. नाहीतर माझ्याकडे दुसरं होतं काय? गणित बेताचं, दिसायला साधी, मैत्रिणी जुन्या शाळेत राहिलेल्या. इंग्रजी तेवढी माझी होती आणि त्या वर्गात ती फक्त माझीच असावी असं मला वाटायचं.

घरी वडील दिवसभर खुर्चीत बसून असायचे. पेपरातल्या जाहिराती वाचायचे, एखादीवर पेनाने गोल करायचे आणि अर्ज मात्र करायचे नाहीत. आई एका बालवाडीत जायची. ती परत आली की दोघांत एखादं वाक्य व्हायचं, तेही गॅसच्या सिलिंडरबद्दल. जेवताना ताटांचा आवाज तेवढा यायचा.

दहावीच्या जानेवारीत आमच्या इंग्रजीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. धडे शिकवून झाले होते, उजळणी राहिली होती. आधी शब्दार्थ, मग धडे, मग कविता आणि त्यातले अलंकार. तेवढ्यापुरते एक सर आले. वय असेल सव्वीस-सत्तावीस. पेठच्या पलीकडच्या एका डोंगरातल्या गावचे. पेठ रोडला खोली घेऊन राहायचे आणि रामवाडीच्या पुलावरून सायकलने शाळेत यायचे. त्यांच्या घरात शाळेची पायरी चढलेले ते पहिलेच, हे त्यांनी स्वतःच पहिल्या तासाला सांगितलं. सांगताना त्यांना लाज वाटत नव्हती. मला त्यांची लाज वाटली.

त्यांनी फळ्यावर बेटावरच्या दीपगृहाच्या धड्याचं नाव लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. आयलंड हा शब्द त्यांनी 'इजलंड' असा म्हटला.

मी हसले. आधी मी एकटीच हसले, कारण बाकीच्यांना चूक कळलीच नव्हती. मग मी शेजारणीच्या कानात सांगितलं, तिने पुढच्या बाकावर, आणि तास संपेपर्यंत सरांचं नाव पडलं होतं. इजलंड सर.

त्या संध्याकाळी जेवताना मी ते घरी सांगितलं. वडिलांनी घास खाली ठेवला आणि ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. आईसुद्धा हसली, पण ती वडिलांकडे बघून.

"अजून काय म्हणतो तुझा मास्तर?" वडिलांनी विचारलं.

दुसऱ्या दिवसापासून मी वहीच्या शेवटच्या पानावर सरांचे उच्चार लिहायला लागले. स्टमक म्हणायचं तिथे 'स्टमच'. कर्ज या अर्थाच्या डेटच्या जागी 'डेब्ट'. ऑनेस्टचा 'होनेस्ट'. रोज चार-पाच तरी मिळायचे. संध्याकाळी वडील विचारायचे, "आज काय माल?" आणि मी वही उघडायची. ते खुर्ची जेवणाच्या पाटाजवळ ओढून घ्यायचे. कारखाना बंद पडल्यानंतर आमच्या घरातली ती पहिली गंमत होती, आणि ती मी आणत होते.

सर वाईट शिकवत होते असं मात्र नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. उजळणीला मॅडम फळ्यावर शब्द आणि पुढे अर्थ लिहून द्यायच्या, आम्ही उतरवून घ्यायचो. सर अर्थ लिहून देत नसत. रिलक्टंट शब्द आला तेव्हा ते म्हणाले, "गोऱ्हा पहिल्यांदा जू मानेवर घेताना पाय रोवतो ना, तसा माणूस." एन्ड्युअर आला तेव्हा त्यांनी आवणीचं सांगितलं. दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायची, पाठ मोडते, पण खाचर पुरं होईस्तोवर सरळ व्हायचं नाय. "ते एन्डूर," ते म्हणाले. मी वहीच्या पुढच्या पानावर अर्थ लिहिला आणि शेवटच्या पानावर 'एन्डूर'.

मधे एखादा अलंकार आला तर तोही तसाच, मराठी नावानेच. अतिशयोक्ती समजावताना म्हणाले, "आई म्हणते, तुला शंभर वेळा सांगितलं. तिनं मोजलेलं नसतंय. पण ती खोटंबी बोलत नसते." मागच्या बाकावरच्या ज्या मुलांनी इंग्रजीची आशा सोडली होती, ती मुलं तास संपल्यावर सरांच्या टेबलाभोवती उभी राहायला लागली. ते मला सहन होत नव्हतं. एक मुलगा, जो आठवीपासून माझ्या वहीतून उत्तरं उतरवायचा, त्याने एक दिवस माझी वही न घेता स्वतः वाक्य लिहिलं. बरोबर लिहिलं. मी त्याला म्हटलं, "ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडून शिकतोयस, बोर्डात कळेल."

वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते एकदम गंभीर झाले. "हा मुलांच्या आयुष्याशी खेळ आहे," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडून ते शेवटचं पान मागून घेतलं. दोन दिवस बसून त्यांनी मुख्याध्यापकांना इंग्रजीत एक पत्र लिहिलं. खरेदी विभागात ते अशी पत्रं लिहायचे. मुद्दे क्रमाने, भाषा सभ्य, शेवटी कारवाईची अपेक्षा. सोबत एक यादी जोडली. डाव्या बाजूला शब्द, मधे बरोबर उच्चार, उजवीकडे सरांचा. सकाळी त्यांनी दाढी केली, शर्टाला इस्त्री केली आणि पत्र घेऊन शाळेत गेले. आई दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. कुठे चाललेत आणि कशाला, हे तिने विचारलं नाही.

तीन दिवसांनी मुख्याध्यापक आमच्या तासाला आले. त्यांच्या हातात ती यादी होती. त्यांनी सरांना दीपगृहाचा धडा वाचायला सांगितलं. सर वाचायला लागले. तिसऱ्या ओळीत मुख्याध्यापकांनी हात वर केला.

"थांबा. काय म्हणालात?"

सरांनी तो शब्द पुन्हा म्हटला, जरा हळू.

मुख्याध्यापकांनी वर्गावरून नजर फिरवली आणि मला उभं केलं. "तू वाच."

मी वाचलं. त्या दिवशी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वाचलं. परिच्छेद संपल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "आता एकेक शब्द म्हण. सर तुझ्या मागून म्हणतील."

मी यादीतले शब्द म्हणायला लागले.

"आयलंड."

"आयलंड," सर म्हणाले.

"स्टमक."

"स्टमक."

असे अठरा शब्द झाले. पहिल्या दोन-तीन शब्दांना मुलं हसली, मग हसायची थांबली. मागच्या बाकावरची मुलं तर मान खाली घालून बसली होती. सर टेबलाला हात टेकून उभे होते आणि माझ्याकडे नीट बघत होते, माझ्या ओठांकडे, एखादी गोष्ट खरोखर शिकायची असते तेव्हा माणूस बघतो तसे. मला आठवतं, बाराव्या-तेराव्या शब्दानंतर मी मुद्दाम आवाज चढवला.

"दहावीची मुलं आहेत," मुख्याध्यापक जाताना म्हणाले, "शाळेचा निकाल आहे. रजेच्या जागेवर दुसरं कोणी मिळत नाही म्हणून मी गप्प आहे."

"हो सर," सर म्हणाले.

तासाची पंधरा मिनिटं उरली होती. सरांनी फळा पुसला, धड्यातले राहिलेले शब्द लिहिले आणि प्रत्येकाखाली बोट ठेवून फक्त अर्थ विचारला. शब्द म्हटला नाही. त्या दिवसानंतर सरांनी वर्गात एकही इंग्रजी शब्द आधी स्वतः उच्चारला नाही. फळ्यावर लिहायचे, माझ्याकडे बघायचे, मी म्हणायची, मग ते म्हणायचे. खिशात एक छोटी वही असायची, तीत माझा उच्चार देवनागरीत लिहून घ्यायचे.

एकदा ते वर्गाला म्हणाले, "मी इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. आमच्या गावात कोणी बोलणारं नव्हतं. पुस्तकात जसं दिसलं तसं म्हणलो. तुम्ही ऐकून शिका."

घरी हे सांगितल्यावर वडील म्हणाले, "डोळ्यांनी शिकला म्हणे," आणि आम्ही पुन्हा हसलो. पण आता मजा कमी झाली होती. सर चुकत नव्हते, त्यामुळे संध्याकाळी सांगायला काही उरत नव्हतं. वडील खुर्ची पाटाजवळ ओढेनासे झाले. दोन-चार दिवसांत जेवताना पुन्हा फक्त ताटांचा आवाज यायला लागला.

फेब्रुवारीत एका मधल्या सुट्टीत सरांनी मला व्हरांड्यात थांबवलं. हातात एक कागद होता.

"तुला वेळ असला तर," ते म्हणाले. "मला मुलाखतीचं पत्र आलंय. इथलीच मोठी शाळा हाय. कायम जागा. अलंकार, साहित्य असलं विचारतील म्हणतात. हे चाळीस शब्द काढलेत मी. अर्थ येतात. म्हणायचे कसे तेवढं सांगशील का?"

मी म्हटलं, "घरी नेते सर. पप्पांना विचारून आणते."

"तुझे वडील इंग्रजी चांगलं बोलतात का?"

"फार चांगलं."

ती तक्रार वडिलांनी केली होती हे सरांना माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. ते म्हणाले, "मग तर बरंच झालं."

वडिलांनी कागद दिव्याखाली धरला. कायम जागा म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "सदतीस बरोबर सांग. सगळे चुकीचे सांगितलेस तर त्याला संशय येईल." पेन घेऊन त्यांनी तीन शब्दांपुढे बारीक टिंब दिलं. उपमेचा सिमिली, त्याचा त्यांनी 'सिमाइल' केला. आपत्तीचा कटॅस्ट्रफी, त्याचा 'कॅटॅस्ट्रोफ'. आणि अतिशयोक्तीचा हायपर्बली, त्याचा 'हायपरबोल'. "हा तर अगदी खरा वाटतो," ते म्हणाले आणि हसले. त्यांनी खुर्ची पाटाजवळ ओढली. मी पण हसले. आईने विचारलं, काय झालं. वडील म्हणाले, "शाळेतलं आहे."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात सर वही उघडून बसले. मी एकेक शब्द सांगितला, त्यांनी लिहून घेतला. शाईचं पेन होतं, सावकाश लिहायचे. सिमाइल लिहिलं. कॅटॅस्ट्रोफ लिहिलं. अतिशयोक्तीच्या शब्दाला मात्र ते थबकले.

"हा हायपर्बोली असावा असं मला वाटत होतं," ते म्हणाले. "शेवटी ई हाय ना."

म्हणजे ते जवळजवळ बरोबर होते. मनात नुसतं वाचून वाचून ते तिथपर्यंत पोचले होते. मी क्षणभर गोंधळले. मग म्हणाले, "नाही सर. शेवटचा ई सायलेंट असतो. आयलंडमधला एस असतो ना, तसा."

त्यांनी मान डोलावली. आधी लिहिलेला 'ली' खोडला आणि वर 'हायपरबोल' लिहिलं. दोनदा म्हणून पाहिलं. "बरोबर?" त्यांनी विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं.

जाताना त्यांनी मला त्यांच्या हस्ताक्षरातली अलंकारांची टिपणं दिली. प्रत्येक अलंकाराला एक उदाहरण, सगळी शेतातली आणि घरातली. म्हणाले, "तुझ्या कामी येतील."

परीक्षेच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. मॅडम परीक्षेनंतर येणार होत्या आणि सरांची मुदत संपली होती. तास संपल्यावर मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, मुलाखतीचं काय झालं?"

"नाय जमलं," सर म्हणाले. मुलांनी आणखी विचारायच्या आत त्यांनी सगळ्यांना परीक्षेच्या सूचना द्यायला सुरुवात केली. पेपर आधी पूर्ण वाचा. येतंय ते आधी लिहा.

मी बाहेर निघाले तर ते दारात उभे होते.

"तिघं होते मुलाखत घ्यायला," ते मला म्हणाले. आवाज मुलांना ऐकू जाणार नाही इतका हळू. "आधी बरं चाललं होतं. मग कवितेचं विचारलं आणि मी ते हायपरबोल म्हणलो. तिघंबी हसले. एक जण म्हणला, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हणलो."

मी खाली बघत होते. फरशीवर खडूची भुकटी सांडलेली होती.

"माझ्याच कानाची चूक झाली असंल," सर म्हणाले. "तू बरोबरच सांगितलं असशील. हो ना?"

त्यांनी थांबून उत्तराची वाट पाहिली. मला वाटतं, त्यांना माहीत होतं. नाहीतर कुठला शिक्षक पोरीला असं थांबून विचारेल? त्यांनी मला एक जागा करून दिली होती, मी तिथे काही बोलावं म्हणून.

"हो सर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "असू दे. परीक्षेत ते शब्द लिहायचे असतात, म्हणायचे नसतात. स्पेलिंग तेवढं सांभाळ."

त्या संध्याकाळी वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती वेळा म्हणायला लावलं म्हणालीस?" मी म्हटलं, दोनदा. ते समाधानाने मागे टेकले.

बोर्डाच्या पेपरात अतिशयोक्ती आली. मी सरांच्या टिपणातलं आईचं उदाहरण इंग्रजीत करून लिहिलं. शाळेत इंग्रजीत पहिली आले. मागच्या बाकावरची मुलंही बहुतेक सगळी पास झाली, जी त्या शाळेत सहसा होत नसत. सत्काराला मुख्याध्यापकांनी निकालाचं श्रेय मॅडमना दिलं. मॅडमनी ते घेतलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी मॅडमचे आणि वडिलांचे आभार मानले. वडील पहिल्या रांगेत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. सरांच्या तासाला टेबलाभोवती उभी राहणारी मुलं मागे बसली होती. एकाने माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या नाहीत.

पुढे वडिलांना सातपूरमध्येच एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं आणि आमचं बरं चाललं. मी बी. ए. झाले, एका खाजगी कार्यालयात नोकरीला लागले. दहा-बारा वर्षं गेली. एकदा द्वारका चौकात बसची वाट बघत उभी होते तर एक माणूस पिकअप बाजूला लावून जवळ आला. मी ओळखलं नाही. त्यानेच सांगितलं, मागच्या बाकावरचा. टाळ्या न वाजवणारा तोच होता का, ते आठवेना. तो आता द्राक्षाच्या मालाची वाहतूक करत होता.

"आपले इंग्रजीचे सर भेटले होते," तो म्हणाला. "माझ्या सासऱ्यांच्या बागेत. मुकादमाने पेठहून टोळी आणली होती द्राक्षाच्या घडातले मणी विरळायला, त्यात होते. मी आधी ओळखलंच नाही. त्यांनीच हाक मारली."

"शाळेत नाहीत?"

"नोकरी मिळालीच नाही म्हणाले कुठे. दोन-चार ठिकाणी तासांवर केलं, मग सोडलं. पावसाळ्यात घरचा भात, नागली आणि हंगामात इकडं." मग म्हणाला, "वर्गातल्या सगळ्यांची चौकशी केली. तुझीही केली."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या मुलीचं वाचन फार स्वच्छ होतं."

त्याने हे सहज सांगितलं. त्याला दुसरं काही माहीत नव्हतं. तो सासऱ्यांच्या गावाचा पत्ता सांगायला लागला, टोळी अजून आठ दिवस तिथे आहे म्हणाला. मी ऐकून घेतलं. माझी बस आली आणि मी चढले. त्या आठ दिवसांत एक रविवार होता. मी त्या रविवारी घरी बसून कपड्यांना इस्त्री केली.

वडिलांना मात्र मी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं. ते जेवत होते.

"पप्पा, सर भेटले म्हणे एकाला. द्राक्षाच्या बागेत मजुरीला होते."

"कोण सर?"

"दहावीचे. इंग्रजीचे."

ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या पडल्या, घास हातात राहिला.

"तुला इंग्रजीला मॅडम होत्या," ते म्हणाले.

मी त्यांना भाजी वाढली.